विद्येचा उत्सर्ग

वैशेषिक दर्शनाच्या आचार्यांनी विश्वातील पदार्थांची जी वर्गवारी केली, तीत ज्ञानाची गणना द्रव्यांत न करता गुणांत केली आहे. पृथ्वी, जल, तेज, वायू ही द्रव्ये, आणि ज्ञान हा आत्म्याच्या आश्रयाने राहणारा गुण. ही वर्गवारी करताना त्या आचार्यांच्या मनात मालमत्तेचा विचार असेल असे मानण्याचे कारण नाही. तरीही संगणकाच्या आज्ञावलींवरून आणि पेटंटांवरून देशोदेशीच्या न्यायालयांत जे दावे चालतात, त्यांच्या बातम्या वाचताना मला वारंवार त्या वर्गवारीची आठवण होते. शेत, घर, गाय, दागिना यांची मालकी मला कळते, कारण ती वस्तू एकाच्या ताब्यात असताना दुसऱ्याच्या ताब्यात असू शकत नाही आणि दिली की देणाऱ्यापाशी उरत नाही. पण मी एखाद्याला त्रैराशिक शिकवले तर माझे त्रैराशिक उणे होत नाही, आणि शिकणाऱ्याच्या बुद्धीत जे ज्ञान उदय पावले ते त्याचेच असते. असे असता ज्ञानाला धनी असू शकतो काय, आणि असलाच तर कोणत्या अर्थाने, हा प्रश्न वकिलांनी हाती घेतला असला तरी मूळचा तत्त्वज्ञानाचाच आहे, आणि धर्माचाही आहे.

या प्रश्नासंबंधीच्या बातम्या पुष्कळदा मोठ्या मौजेच्या असतात, आणि मौजेच्या आहेत म्हणून त्या सोडून देणे योग्य नाही. अमेरिकेच्या पेटंट कचेरीने 2002 साली झोपाळ्यावर झुलण्याच्या एका रीतीचे पेटंट दिले : झोपाळ्यावर बसून दोन्ही बाजूंच्या साखळ्या आळीपाळीने ओढल्या म्हणजे झोका पुढेमागे न जाता आडवा जातो, एवढीच ती रीत. पेटंट एका लहान मुलाच्या नावाने निघाले होते आणि त्याचे वडील पेटंटांचे वकील होते. कचेरीने फेरतपासणी करून ते पुढे रद्द केले. ते पेटंट निघाले त्याच्या आदल्या वर्षी ऑस्ट्रेलियात एका वकिलाने चक्क चाकाचे पेटंट मिळवून दाखवले. त्या देशाने नुकतीच सुरू केलेली पद्धत अशी होती की अर्जाची खरी छाननी पेटंट देताना होतच नसे, आणि हे सरकारच्या नजरेस आणण्यासाठीच त्या गृहस्थाने तो खटाटोप केला होता. ॲमेझॉन कंपनीला 1999 मध्ये मिळालेले पेटंट मात्र खरोखरीच व्यापाराचे होते : ग्राहकाने एकदाच कळ दाबावी आणि त्याची आधी नोंदलेली माहिती वापरून मागणी पुरी व्हावी, ही कल्पना. ते 2017 पर्यंत अमलात होते, त्याच्या आधारे प्रतिस्पर्धी पुस्तकविक्रेत्यावर दावा झाला, आणि ॲपलसारख्या कंपनीनेही त्याचा परवाना पैसे देऊन घेतला.

या बातम्यांनी मला हसू येते, आणि हसून झाल्यावर त्यांत दडलेले एक सत्यही दिसते. चाकाचा धनी एका दिवसात उत्पन्न होऊ शकतो, तो केवळ एका नोंदीने. म्हणजे स्वामित्व हे वस्तूच्या स्वभावात नसून लोकांनी ठरवलेल्या व्यवहारात असते. हा सिद्धांत आपल्याकडे फार जुना आहे. चालुक्य विक्रमादित्याच्या कल्याण नगरीत राहून विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्य स्मृतीवर मिताक्षरा लिहिली, जिचा अंमल महाराष्ट्रातील वारसाहक्कावर शतकानुशतके चालला. तीत दायविभागाच्या आरंभीच त्याने असा वाद उपस्थित केला आहे की स्वत्व हे शास्त्रावरून कळते की लोकांवरून. आणि पूर्वपक्षाचा सविस्तर परामर्श घेऊन त्याने निर्णय दिला तो असा की स्वत्व लौकिक आहे. ज्यांनी शास्त्राचे नावही ऐकलेले नाही अशा सीमेपलीकडच्या लोकांतही खरेदी-विक्री चालते, तेव्हा माझे-तुझे ही कल्पना शास्त्राने उत्पन्न केलेली नाही, एवढी साधी आणि एवढी निर्णायक त्याची उपपत्ती आहे. मला या विवेचनाचा आधार वाटतो, कारण जे लौकिक आहे ते लोकांना तपासता येते, मुदतीने बांधता येते, आणि अन्यायकारक ठरले तर मोडताही येते. त्याच मिताक्षरेत विद्याधनाचाही विचार आहे. घराच्या खर्चाने शिकलेल्या मुलाने विद्येच्या बळावर जे मिळवले त्यात भावांचा वाटा किती, यावर इंग्रजी अमदानीत कित्येक फिर्यादी झाल्या, आणि अखेर बॅरिस्टर मुकुंदराव जयकरांच्या प्रयत्नाने 1930 साली कायदा होऊन अशी कमाई ज्याची त्याची ठरली. या सबंध वादात भांडण होते ते विद्येने आणलेल्या पैशाचे. खुद्द विद्येची वाटणी मागण्यासाठी कोणी भाऊ कचेरीत गेला नाही.

मात्र आपल्या परंपरेचा गौरव करताना तिचा दोष झाकणे मला अधर्म वाटते. आमच्या पूर्वजांनी विद्येला मालमत्ता मानले नाही हे खरे. पण तिच्या दाराशी अधिकाराचा पहारा बसवला, आणि शूद्रांना व स्त्रियांना त्या दारातून आत येऊ दिले नाही, हेही तितकेच खरे आहे. त्या मनाईला मुदत नव्हती, पिढ्या लोटल्या तरी ती उठत नसे, आणि तिच्याविरुद्ध दाद मागण्यास कचेरीही नव्हती. वैद्याने आपली मात्रा आणि गवयाने आपली चीज सोबत घेऊन जग सोडावे, हा प्रकारही आपल्याकडे घरोघर घडलेला आहे. पेटंटाची मूळ कल्पना या रोगावरचे औषध म्हणून निघाली. व्हेनिसच्या प्रजासत्ताकाने 1474 साली जो कायदा केला त्याचा आशय असा, की कारागिराने आपली नवी युक्ती सरकारदरबारी नोंदवावी, ठराविक वर्षे तिचा मक्ता उपभोगावा, आणि पुढे ती सर्वांची व्हावी. आज ही मुदत सामान्यतः अर्ज केल्यापासून 20 वर्षांची आहे, आणि बदल्यात संशोधकाला आपली कृती दुसऱ्या जाणत्या माणसाला करता येईल इतक्या तपशिलाने लिहून द्यावी लागते. यंत्र घडवणाऱ्याला, औषध शोधणाऱ्याला आपल्या श्रमाचे आणि खर्चाचे मोल मिळावे म्हणून समाजाने दिलेली ही सनद आहे. आणि सनद म्हणून, मुदतीसह आणि अटींसह, मी तिला मान देतो. सनद हातात असलेला माणूस आपण त्या ज्ञानाचे स्वभावतःच धनी आहोत असे मानू लागतो, तेव्हा मात्र व्यावहारिक सत्याला पारमार्थिक सत्याचे आसन दिल्यासारखे होते, आणि अद्वैती आचार्यांनी ज्याला अध्यास म्हटले तोच दोष तेथे घडतो.

संगणकाच्या आज्ञावलीच्या बाबतीत हा दोष विशेष ठळकपणे दिसतो. आज्ञावली म्हणजे विचारांची एक मांडणी : अमुक संख्या घे, तिची तमुक संख्येशी तुलना कर, लहान असेल तर पुढे जा. भूमितीच्या सिद्धतेत आणि तिच्यात भेद आहे तो एवढाच, की सिद्धता माणूस वाचतो आणि आज्ञावली यंत्रही वाचते. तिच्या शब्दरचनेवर लेखकाचा लेखनाधिकार असावा, हे न्याय्य आहे. पण तिच्यातील युक्तीवरच मक्ता दिला म्हणजे दुसऱ्याने स्वतःच्या बुद्धीने, पहिल्याचे नावही न ऐकता तोच विचार केला तरी तो अपराधी ठरतो. माहितीचा संक्षेप करण्याच्या एका रीतीचे पेटंट 1985 साली अमेरिकेत निघाले होते. ती रीत वापरून 1987 मध्ये निघालेला जिफ हा चित्रांचा प्रकार पुढे सर्वत्र रूढ झाला, आणि तो वापरणाऱ्या आज्ञावली लिहिणाऱ्यांकडे त्या पेटंटाची धनी असलेल्या युनिसिस कंपनीने 1994 च्या अखेरीस परवान्याचे पैसे मागितले, तेव्हा अनेकांना आपण कोणाच्या वतनात राहत आहोत याचा प्रथमच पत्ता लागला. त्यातून एक गोष्ट फार चांगली घडली. देशोदेशीच्या प्रोग्रामरांनी एकत्र येऊन थोड्याच महिन्यांत पीएनजी हा नवा, कोणाचाही मक्ता नसलेला आणि गुणांनी सरस असा प्रकार तयार केला. अमेरिकेतले ते जुने पेटंट 2003 मध्ये संपले तेव्हा त्याची फारशी गरजही उरली नव्हती. आपल्या पेटंट कायद्याने गणिती रीती आणि निव्वळ संगणकीय आज्ञावली यांना पेटंटाच्या कक्षेबाहेर ठेवले आहे. ती कक्षा रुंद करण्याचा जो वटहुकूम 2004 च्या डिसेंबरात निघाला, त्यातील तो भाग संसदेने 2005 साली स्वीकारला नाही. त्याच वर्षीच्या जुलैत युरोपच्या संसदेने तशाच आशयाचा प्रस्ताव 648 विरुद्ध 14 मतांनी फेटाळला. हे दोन्ही निर्णय मला शहाणपणाचे वाटतात.

हळदीची गोष्ट महाराष्ट्रात आणि गोव्यात सर्वांना ऐकून ठाऊक आहे. तिचा अर्थ मात्र आपण बरोबर लावला आहे काय, याची मला शंका आहे. जखम भरून येण्यासाठी हळदीची पूड वापरण्याच्या रीतीवर 1995 साली मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला अमेरिकेत पेटंट मिळाले. आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने, गोव्यातील माशेल गावी जन्मलेले डॉ. रघुनाथ माशेलकर तिचे प्रमुख असताना, 1996 मध्ये त्यावर हरकत घेतली. आईने आणि आजीने बोटाला हळद लावली हा अनुभव कोट्यवधी माणसांचा असला, तरी त्या कचेरीपुढे अनुभव हा पुरावा नव्हता; छापील अथवा लिखित दस्तऐवज हवा होता. परिषदेने संस्कृत, उर्दू, हिंदी ग्रंथांतून आणि इंडियन मेडिकल असोसिएशनच्या 1953 सालच्या नियतकालिकातून मिळून 32 दाखले सादर केले, आणि 1997 मध्ये ते पेटंट रद्द झाले. पुढे आयुर्वेद, युनानी, सिद्ध या वैद्यकांतील योग पाच परकीय भाषांत नोंदवून ठेवणारा मोठा ज्ञानसंग्रह 2001 पासून सिद्ध होऊ लागला, तो याच अनुभवातून. या विजयाचा आनंद मलाही झाला. परंतु ‘हळद आमची आहे’ असे जे आपण त्या वेळी अभिमानाने म्हटले आणि अजून म्हणतो, ते आपल्याच दाव्याच्या विरुद्ध जाते. हळद ब्रह्मदेशात, थायलंडात, जावा बेटावर पिकते आणि तेथल्या आयाही ती औषधात वापरतात. आपल्या परिषदेने सिद्ध केले ते एवढेच, की हे ज्ञान आधीपासून प्रकट आहे आणि म्हणून त्याचा कोणालाही मक्ता देता येत नाही. कोणालाही म्हणजे आपल्यालाही. मिसिसिपीच्या जागी महाराष्ट्राचे नाव घालून घेण्यासाठी ती लढाई नव्हती, आणि माशेलकरांच्या कार्याचे थोरपण मला यातच दिसते.

आता ज्या चळवळीचे मला सर्वांत अधिक कौतुक आहे, तिच्याकडे वळतो. मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविद्यापीठाच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन नावाचा प्रोग्रामर काम करीत असे. 1980 च्या सुमारास तेथे झेरॉक्स कंपनीचे एक नवे छपाईयंत्र आले, त्यात कागद अडकत असे, आणि कागद अडकल्याची सूचना सर्वांना मिळेल अशी सुधारणा स्टॉलमन याने जुन्या यंत्राच्या आज्ञावलीत केली होती तशी येथे करता येईना, कारण मूळ आज्ञावलीच मिळेना. ज्या संशोधकापाशी ती होती त्याने ती कोणास न दाखवण्याचे वचन कंपनीला लिहून दिले होते. त्या नकाराने स्टॉलमनच्या मनात जो प्रश्न उभा राहिला तो सोयीचा नव्हता, नीतीचा होता : माझ्या शेजाऱ्याला मदत न करण्याचे वचन मी कोणाला देऊ शकतो काय? 1983 च्या सप्टेंबरात त्याने ग्नू या संपूर्ण मुक्त संगणकप्रणालीची घोषणा केली, पुढच्या जानेवारीत नोकरी सोडली, आणि 1989 मध्ये एक परवाना रचला. त्याचा आशय थोडक्यात असा : ही आज्ञावली चालवा, वाचा, बदला, वाटा, विकासुद्धा; मात्र तुम्ही ती वा तिच्यावरून केलेली नवी आज्ञावली दुसऱ्याला द्याल तेव्हा तिची मूळ संहिता आणि हेच सारे हक्क त्यालाही द्या. फिनलंडच्या हेलसिंकी विद्यापीठातील लायनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने 1991 साली लिहिलेला लिनक्सचा गाभा पुढच्याच वर्षी या परवान्याखाली आला. आज आपल्या खिशातील अँड्रॉइड फोन त्यावर चालतो, आणि 2017 च्या नोव्हेंबरपासून जगातील सर्वांत शक्तिमान अशा 500 महासंगणकांच्या यादीतील झाडून सारे त्याच्यावरच चालत आले आहेत.

या कृतीला काय म्हणावे? लोक दान म्हणतात, पण दानाचे शास्त्रीय लक्षण तिला लागू पडत नाही. गाय, भूमी आणि विद्या ही तीन अतिदाने म्हणून आपल्याकडे सांगितली आहेत. तथापि गाय आणि भूमी देताना दात्याचे स्वत्व संपून घेणाऱ्याचे स्वत्व उत्पन्न होते, आणि विद्येच्या बाबतीत यातले पहिले घडतच नाही. मला याचे उत्तर सापडले ते महामहोपाध्याय पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासात. तळे, विहीर, बाग लोकांसाठी अर्पण करण्याच्या विधीला उत्सर्ग म्हणतात, आणि दान व उत्सर्ग यांतील भेद काण्यांनी मोठ्या स्पष्टपणे मांडला आहे : दानात एकाच्या जागी दुसरा धनी होतो, उत्सर्गात मात्र अर्पण करणारा आपले स्वत्व सोडतो ते सर्व भूतांसाठी, आणि म्हणून बहुतेक ग्रंथकारांच्या मते तळे अर्पण केल्यावरही त्याला त्याचे पाणी पिता येते, परंतु धनी म्हणून नाही, सर्वांतला एक म्हणून. हे वाचले तेव्हा मला मनापासून आनंद झाला. टोरवाल्ड्स आज लिनक्स वापरतो तो याच नात्याने वापरतो. ज्या गोष्टीसाठी पाश्चात्त्य कायद्याला नवा करार जुळवावा लागला, तिचे तत्त्व आपल्या धर्मशास्त्राने पाण्याच्या संदर्भात विचारपूर्वक निश्चित केले होते. पण आपणच ते विद्येला लावले नाही. आणि स्टॉलमनने त्यात एक भर घातली, ती मला त्याची सर्वांत मोठी बुद्धिमत्ता वाटते. उत्सर्ग केलेल्या तळ्याभोवती उद्या कोणी कुंपण घातले तर काय, याचे उत्तर त्याने लेखनाधिकाराच्याच जोरावर दिले : स्वामित्वाचा कायदा वापरून त्याने स्वामित्वाला मज्जाव केला.

येथे कोणी विचारील, की स्वामित्व सोडायचे तर कर्त्याचे नाव कशाला ठेवायचे? याचे उत्तर वारकऱ्यांच्या कोणत्याही दिंडीत मिळते. अभंगाच्या शेवटी तुकोबांची, नामदेवांची, जनाबाईंची मुद्रा असते. तिने रचना कोणाची हे कळते, पण तो अभंग कोणी गावा यावर तिचा काही हक्क चालत नाही. कर्तृत्व आणि स्वामित्व या दोन गोष्टी संतांनी अशा वेगळ्या केल्या. सालोमालो नावाचा माणूस तुकोबांचे अभंग आपल्या मुद्रेने गात असे अशी परंपरागत कथा आहे, आणि त्यात लोकांना खटकले ते गाणे नव्हे, मुद्रा बदलणे खटकले. मूळ ग्रंथात नकळत भर पडत गेली म्हणजे काय होते तेही आपल्याला ठाऊक आहे : एकनाथांना शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीच्या प्रती जमवून पाठ शुद्ध करावा लागला तो याचमुळे. स्टॉलमनच्या परवान्यात या दोन्ही अनर्थांवर उपाय आहे. मूळ कर्त्याची नोंद पुसता येत नाही, आणि बदल करणाऱ्याने आपण कोणता बदल केव्हा केला ते ठळकपणे लिहून ठेवायचे असते. पाठभेदांचा असा चोख हिशेब आपल्या पोथ्यांच्या लेखकांनी ठेवला असता तर आमच्या संशोधकांची कित्येक वर्षे वाचली असती.

मायक्रोसॉफ्ट कंपनीने 2007 साली असे जाहीर केले होते की लिनक्स आणि इतर मुक्त आज्ञावली मिळून तिच्या 235 पेटंटांचा भंग करतात. त्याच कंपनीने 2018 च्या ऑक्टोबरात, लिनक्सच्या रक्षणासाठी पेटंटे एकत्र करणाऱ्या संघात, आपली सुमारे 60,000 पेटंटे घेऊन प्रवेश केला. तिला स्वतःच्या व्यवसायासाठी लिनक्सची गरज भासू लागली होती, हे कारण त्यामागे होतेच. पण हेतू व्यापाराचा होता म्हणून मी या घटनेचे मोल कमी लेखणार नाही. सार्वजनिक तळ्याचे पाणी उपयोगी पडू लागले म्हणजे त्याची राखण करण्याची बुद्धी सावकारालाही होते, आणि विज्ञानेश्वराने म्हटलेले लौकिक स्वत्व बदलते ते बहुधा याच मार्गाने.

अलीकडची बातमी याहून अवघड आहे. मुक्त आज्ञावलींच्या प्रचंड साठ्यावर शिकून तयार झालेली, आणि आपणहून आज्ञावली लिहून देणारी कोपायलटसारखी यंत्रे 2021 पासून वापरात आली, आणि 2022 च्या नोव्हेंबरात त्यांविरुद्ध सॅन फ्रान्सिस्को येथे दावा दाखल झाला. ज्ञान गुण आहे, शिकल्याने शिकवणाऱ्याचे काही उणे होत नाही, असे मी आरंभी म्हटले, तेव्हा वाचून शिकण्यालाच चोरी म्हणणे मला शक्य नाही. यंत्राच्या अंतरात्म्यात गुण राहू शकतो की नाही हा वाद मी येथे उपस्थित करीत नाही. पण शिकलेले यंत्र जेव्हा एखाद्याने लिहिलेला मजकूर जसाच्या तसा पुढे करते आणि त्याचे नाव व त्याची अट गाळते, तेव्हा सालोमालोने केले तेच तेथे घडते, मग ते जाणून घडो की नकळत. आणि सर्व भूतांसाठी सोडलेल्या विद्येवर वाढलेले यंत्र त्याच्या धन्याने कुलपात ठेवावे, हे त्या परवान्याच्या शब्दांत बसत असले तरी त्याच्या हेतूत बसत नाही. न्यायालये शब्द पाहतील, तो त्यांचा धर्मच आहे. हेतूचा सांभाळ करण्यासाठी परवान्याचा नवा मसुदा लिहावा लागेल, आणि तो लिहिताना पुण्या-मुंबईतल्या ज्या तरुण प्रोग्रामरांचे लेखन त्या साठ्यात गेले आहे त्यांनीही त्या चर्चेत बसावे, असे मला आग्रहाने वाटते.